शालनताईची भिंत

शालनताई गायकवाड वॉर्ड ऑफिसातल्या साहेबाला ‘अरे’ म्हणते आणि माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला ‘अहो’.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मागे कोणी वडीलधारं माणूस येऊन उभं राहिलंय. वळून बघितलं तर कोणी नाही. ताई स्क्रीनकडे बघून, पदर सावरून, अगदी लाडीगोडीने बोलत होती, “अहो, घ्या ना आता. किती वेळ फिरवताय?” स्क्रीनवर टेंडरच्या साइटचं ते गोल चक्र फिरत होतं.

“ताई, कॉम्प्युटरला काय अहो?” मी विचारलं.

“साहेबाची बदली हुती. ह्यांची हुती का?” ती म्हणाली. “ज्याच्याशी कायमचं काम, त्याला मान द्यायचा.”

माझं दुकान वॉर्ड ऑफिसच्या समोर आहे. कुठलं वॉर्ड ऑफिस ते विचारू नका, मला तिथेच धंदा करायचाय. घाटकोपरच्या पुढे आणि मुलुंडच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला, एवढं पुरे. झेरॉक्स, आधार, पॅन, लाइट बिल आणि छोट्या कॉन्ट्रॅक्टरांची ऑनलाइन टेंडरं भरून देणं, हा माझा उद्योग. टेंडर भरायला प्रत्येकाची डिजिटल सही लागते. ती पेन ड्राइव्हसारख्या बोटाएवढ्या वस्तूत असते. बाकीचे कॉन्ट्रॅक्टर ती चावीच्या जुडग्याला लावतात. शालनताईची तंबाखूच्या चंचीत असते. ती सही लावली की माझ्या कॉम्प्युटरला दिवसभर तंबाखूचा वास येतो, आणि मागून येणारं गिऱ्हाईक माझ्याकडेच संशयाने बघतं.

ताई मूळची सातारा जिल्ह्यातली. लग्न होऊन मुंबईत आली ती सरळ पवईच्या बांधकामावर, बिगारी म्हणून. घमेली वाहता वाहता मुकादम झाली. मग स्वतःसारख्या बायका गोळा करून मजूर संस्था काढली आणि पालिकेची बारीकसारीक कामं घ्यायला लागली. बागेचं कुंपण, शाळेची फरशी, चौकीचा रंग. नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही, असं आम्ही सगळे समजून होतो.

तिचं एक वाक्य अख्ख्या वॉर्डात पाठ आहे. “कागदावर ये.”

कोणी काही आश्वासन दिलं, की ताई म्हणते, “कागदावर ये.” कोणी दम दिला, तरी हेच. शेजारीण कुकर मागायला आली आणि “संध्याकाळी देते” म्हणाली, तर तिच्याकडून लाइट बिलाच्या पाठीमागे लिहून घेतलं. एकदा भाच्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन वॉर्ड ऑफिसात गेली. पाटीलसाहेबांना, म्हणजे तिथल्या ज्युनियर इंजिनियरला, एक पत्रिका दिली आणि दुसरी आवक-जावकच्या खिडकीवर सरकवली.

“ह्याच्यावर शिक्का मार,” ती क्लार्कला म्हणाली.

“ताई, लग्नपत्रिकेवर?”

“मार. उद्या पाटील म्हनंल, मिळालीच न्हाई.”

शिक्का मारलेली ती पत्रिका तिने माझ्याकडून लॅमिनेट करून घेतली. पाटीलसाहेब मुकाट्याने लग्नाला गेले, आणि आहेर देताना दोन फोटो काढून घेतले. पुरावा दोन्ही बाजूंना हवाच.

आता गोष्ट सांगायची ती भिंतीची.

आमच्या इथल्या स्मशानभूमीच्या मागच्या अंगाला लहान मुलांना पुरायची जागा आहे. अगदी तान्ह्या मुलांना जाळत नाहीत, त्यांना तिथे पुरतात. त्या जागेची मागची भिंत पडली. भिंत पडल्यावर पलीकडच्या गल्लीतून एक ट्रक तिथे टेकायला लागला. आधी मागची चाकं आत, मग अर्धा ट्रक, मग अख्खा, मग त्याच्या शेजारी दुसरा. ट्रक बाबूशेठचे.

बाबूशेठ स्वतः एकही टेंडर भरत नाही. पण आमच्याकडे कुठलं काम कोणी भरायचं आणि कोणी नाही भरायचं, हे तो ठरवतो. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, आवाज इतका हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागतं. वाकलेल्या माणसाला तो प्रेमाने खांद्यावर थोपटतो. थोपटलेला माणूस मग टेंडर भरत नाही.

लोकांच्या तक्रारी गेल्या, तेव्हा पालिकेने भिंतीचं टेंडर काढलं. कोणी भरलं नाही. पुन्हा काढलं. पुन्हा कोणी नाही. तिसऱ्यांदा निघालं तेव्हा पाटीलसाहेब माझ्याकडे झेरॉक्सला आले आणि मशीनकडे बघत पुटपुटले, “सावंत, ह्यावेळी पण कोणी नाही आलं, तर काम रद्द. मग ती जागा गेलीच समजा.”

शालनताई तिथेच बाकावर बसली होती. तिने चंची उघडली, तंबाखू बाजूला केली आणि सही काढून माझ्यासमोर ठेवली.

“भर,” ती म्हणाली.

मी आधी दार लोटून घेतलं. “ताई, बाबूशेठचं आहे ते. त्यात मिळणार पण काय? एवढीशी भिंत. बागेचं काम निघतंय पुढच्या आठवड्यात, ते भरू.”

“बागंचं बी भर. आदी हे भर.”

तिची एक सवय होती. टेंडर शेवटच्या दिवशीच टाकायचं, दुपारी वेळ संपायच्या थोडं आधी. लवकर टाकलं तर त्याला पाय फुटतात, असं तिचं म्हणणं. एरवी मला ह्याची गंमत वाटायची. ह्यावेळी वाटली नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानासमोर पक्याची बाइक उभी राहायला लागली.

पक्या बाबूशेठचा माणूस. काही करायचा नाही. बाइकवर बसून नुसता माझ्याकडे बघायचा. मी झेरॉक्स काढतोय, तो बघतोय. मी चहा पितोय, तो बघतोय. तिसऱ्या दिवशी आत आला, माझ्या काउंटरवरचा स्टेपलर उचलला, उघडला, मिटला आणि परत ठेवला.

“सावंतभाऊ, गुरुवारी दुकान बंद ठेवा ना. आराम करा.”

गुरुवार हा टेंडरचा शेवटचा दिवस.

“का रे?” मी विचारलं.

“सहज. तब्येतीला बरं असतं.”

त्याच वेळी शालनताई आत आली. तिने सगळं ऐकलं होतं. “पक्या,” ती म्हणाली, “दुकान बंद ठेवा म्हणून सांगतोस न्हवं? सावंता, ह्याला कोरा कागद दे. लिही बाबा. कोन सांगतंय, कशापायी, खाली सही. कागदावर ये.”

पक्याने तिच्याकडे बघितलं. “म्हातारे, तू लय बोलतेस. एक दिवस तुला कळंल.”

“कवा कळंल? तारीख घाल.”

मला हसू आलं आणि त्याच क्षणी घाम फुटला. पक्या मात्र हसला नाही. जाताना त्याने स्टेपलर खिशात टाकून नेला.

गुरुवारी दुपारी ताई आली तेव्हा बाहेर एक नाही, तीन बाइका होत्या. ती त्यांच्यामधून वाट काढत, “सरक रे, सरक,” करत आत आली. मी सगळी कागदपत्रं स्कॅन करून लॅपटॉपवर तयार ठेवली होती. सही लावली. साइट उघडली. पहिला कागद चढला आणि पंखा थांबला. लाइट गेले.

बाजूच्या चप्पलच्या दुकानात दिवे चालू होते. पलीकडच्या वडापाववाल्याकडेही. फक्त माझ्याकडे अंधार. मी बाहेर डोकावलो. जिन्याखाली आमचे मीटर आहेत, तिथे पक्या भिंतीला टेकून उभा होता आणि हातातला माझा फ्यूज हवेत उडवून झेलत होता.

लॅपटॉपची बॅटरी होती, पण नेट गेलं. शटर अर्धं खाली ओढून एक पोरगा उंबऱ्यावर बसला. “आराम करा भाऊ,” तो म्हणाला.

घरी फोन करावा असं वाटलं, पण करून सांगणार काय? ताईने चंची कमरेला खोचली. लॅपटॉप मिटला, पदराखाली घेतला आणि म्हणाली, “चल.”

“कुठे?”

“समोर.”

“समोर म्हणजे?”

तिने उंबऱ्यावरच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. “लेकरा, उठ. मला लघवीला जायचंय.” तो बावचळून उठला, आणि त्या एका क्षणात ती बाहेर पडली. मी तिच्या मागे. रस्ता ओलांडला. मागे बाइका चालू झाल्याचे आवाज आले. ताई धावत नव्हती. धावलं की लोकांना कळतं, असं तिने मला नंतर सांगितलं. मी मात्र दर दोन पावलांनी मागे वळून बघत होतो. वॉर्ड ऑफिसच्या गेटवर वॉचमन, वर कॅमेरा. पक्या गेटबाहेर थांबला.

आम्ही जिना चढून थेट पाटीलसाहेबांच्या केबिनमध्ये. ताईने त्यांच्या टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या, लॅपटॉप ठेवला आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली.

“सावंता, तुझ्या मोबाइलवरनं नेट चालू कर.”

पाटीलसाहेब अर्धवट उभे राहिले. “ताई, हे काय? इथे बसून टेंडर भरता येत नाही.”

“कोन म्हनतंय?”

“नियमात बसत नाही.”

“बसत न्हाई, असं कागदावर दे. शिक्का मारून दे. मी जाते.”

पाटीलसाहेबांनी पेन उचललं. कोरा कागद ओढला. मग तो कागद ते बघत राहिले. कशावरून बसत नाही, ते त्यांनाही आठवत नव्हतं. इतक्यात त्यांचा मोबाइल वाजला. स्क्रीनवरचं नाव मला उलटं दिसलं, पण कळलं. बाबूशेठ.

साहेबांनी फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज एवढा हळू, की ते सवयीने पुढे वाकले. वाकल्यावर त्यांचं नाक ताईपासून हातभर अंतरावर आलं. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

“हो शेठ,” ते म्हणाले. “नाही... शालनताई?” त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “नाही शेठ. इथे कोणी नाही.”

फोन ठेवला आणि त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली, आमच्याकडे पाठ करून. त्या माणसाला घरी दोन मुली आहेत, पगारावर घराचा हप्ता आहे, आणि बाबूशेठच्या एका शब्दावर त्याची बदली होऊ शकते. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला, बाहेर बघण्यासारखं काही नसताना.

कागद चढत होते. एक, मग दुसरा. मोबाइलचं नेट मुंगीच्या पावलाने चाललेलं. घड्याळ केबिनच्या दारावर होतं, आणि मी दर क्षणाला मान वळवून बघत होतो. शेवटच्या बटणावर मी बोट ठेवलं. चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. जिन्यात कोणाच्या तरी चपला वाजल्या.

ताई स्क्रीनकडे वाकली. तिचा आवाज इतका मऊ झालेला मी कधी ऐकला नव्हता. “अहो, घ्या हो. आजपत्तुर कदी मागितलं का काय तुमच्याकडं? एवढं घ्या.”

चपला दाराशी येऊन थांबल्या. दार ढकललं गेलं. शिपाई चहा घेऊन आत आला.

आणि स्क्रीनवर हिरवी पट्टी आली. टेंडर दाखल.

मी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. पाटीलसाहेब न वळता म्हणाले, “झालं असेल तर मागच्या जिन्याने जा.” ताईने मात्र आधी त्यांचा चहा उचलला, अर्धा बशीत ओतून त्यांच्यापुढे सरकवला, अर्धा स्वतः प्यायली आणि मगच उठली.

एकच टेंडर आलं तर एरवी उघडत नाहीत, पण तिसरी वेळ असल्याने हे उघडलं गेलं. वरून मंजुरी यायला बरेच दिवस लागले, आणि ते सगळे दिवस मी दुकान उघडण्याआधी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बाइका बघायचो. शेवटी कामाचा आदेश आला. ताईने त्याच्या इतक्या झेरॉक्स काढल्या, की मशीनचं टोनर संपलं.

पण ट्रक तिथेच होते.

ताईने ट्रक हटवा म्हणून कोणाला सांगितलं नाही. तिच्या बायका फावडी, पहारी घेऊन आल्या. नकाशात भिंत जिथे होती तिथे त्यांनी दोरी ताणली. दोरी ट्रकांच्या बाहेरून गेली. दोन्ही टोकांकडून पाया खणायला सुरुवात झाली, आणि रोज थोडा थोडा खड्डा ट्रकांच्या पुढच्या दिव्यांसमोर सरकायला लागला.

एका सकाळी येऊन बघतात तर रचलेले थर आडवे पडलेले. ताईने पोलिसात अर्ज दिला, त्यावर शिक्का घेतला, आणि त्याच विटा साफ करून पुन्हा रचल्या. त्यानंतर ती डबा घेऊन तिथेच बसायला लागली, अंधार पडेपर्यंत.

मी फोटो काढायला जायचो. बिलासाठी कामाचे फोटो टप्प्याटप्प्याने साइटवर टाकावे लागतात. असाच एकदा गेलो असताना बाबूशेठ आला. बरोबर पक्या आणि ट्रकचे दोन ड्रायव्हर. बायकांनी फावडी थांबवली. मी मोबाइल खिशात ठेवला, मग पुन्हा बाहेर काढला, मग कळेना कुठे ठेवू.

“शालन,” बाबूशेठ हळू म्हणाला. ताई वाकली नाही, त्यामुळे त्यालाच पुढे यावं लागलं. “गाड्या आत अडकतील ना, बाई.”

“नकाशात भिंत हितं हाय,” ती म्हणाली. “गाड्या नकाशात न्हाईत.”

“बागेचं काम तुला देतो. वर्षभराचं. ह्या चार विटांमध्ये तुझं काय आहे?”

मी वाट बघत होतो. आता ती म्हणणार, कागदावर ये. बायकासुद्धा तिच्या तोंडाकडे बघत होत्या. ताईने बाबूशेठकडे बघितलं, मग त्याच्या मागे, ट्रकच्या चाकांखालच्या जमिनीकडे. तिचा चेहरा एकदम रिकामा झाला. तिने सिमेंटने भरलेलं घमेलं उचलून डोक्यावर घेतलं. मुकादम झाल्यापासून तिला घमेलं उचलताना कोणी पाहिलं नव्हतं. ती सरळ त्याच्याकडे चालत आली. बाबूशेठला बाजूला व्हावं लागलं. त्याच्या पांढऱ्या शर्टावर सिमेंटचा ओघळ आला.

पक्या पुढे सरसावला. पण त्याच्याआधी दोघांपैकी वयस्कर ड्रायव्हर बोलला. “शेठ, मी गाडी काढतो. मला नाही जमणार. लहान पोरं आहेत इथे खाली. रोज गाडी लावतो आणि झोप लागत नाही.” त्याने कोणाच्या होकाराची वाट बघितली नाही. केबिनमध्ये चढला आणि गाडी चालू केली. थोड्या वेळाने दुसरीही निघाली. बाबूशेठ शर्ट झटकत उभा राहिला, मग एका फोनवर काहीतरी बोलत चालता झाला. त्याने पुढे ताईला बागेचं काम मिळू दिलं नाही, आणि अजूनही बरंच काही मिळू देत नाही. पण भिंत झाली.

शेवटचा फोटो काढायला मी गेलो ती सकाळची वेळ होती. भिंत रंगवून झाली होती, फाटकाला कडी बसली होती. आत गेलो आणि थांबलो. सगळ्या जागेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सदाफुलीची रोपं लावलेली. गुलाबी, पांढरी. एक हात जागा सोडलेली नाही. ताई एकटीच पाइप धरून पाणी घालत होती. बायका कोणी नव्हत्या.

“ताई, हे टेंडरमध्ये नव्हतं,” मी म्हणालो. “ह्याचं बिल नाही निघणार.”

“म्हाईत हाय.”

ती पाणी घालत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पवईच्या कामावर हुतो तवाची गोष्ट. मुलगी हुती. अंगावर पीत हुती अजून. ताप आला नि दोन दिवसांत गेली. हितंच आणली. ह्यांनी खड्डा घेतला, मी नुसती बसले. दुसऱ्या दिवशी परत कामावर. मुकादमानं अर्ध्या दिवसाची रजा दिली, ती बी उपकार केल्यासारकी.”

मी फोटोसाठी वर धरलेला मोबाइल खाली घेतला.

“एक बाभळ हुती,” ती म्हणाली. “बाभळीच्या अंगाला पुरली, एवढं ध्यानात हुतं. मागनं कवातरी बघाय आले, तर बाभळच तोडलेली. सगळं सपाट. मग लय फिरले हितं, हिकडं वाटायचं, तिकडं वाटायचं. नक्की कुटं ते न्हाई सापडलं.”

तिने पाइप दुसऱ्या हातात घेतला.

“म्हनून मग सगळीकडंच लावली.”

गल्लीतून कोणीतरी हॉर्न वाजवत गेलं. भिंतीमुळे आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

“त्या कोपऱ्याला पानी पोचत न्हाई,” ती म्हणाली. “पाइप आखूड पडतो. जरा बालदी घेतोस का?”

मी मोबाइल खिशात ठेवला आणि बालदी उचलली.